फूयबाई

बाईंचं नाक आधी बोलायचं. ते आक्रसलं की पाठोपाठ शब्द यायचा, "फूय!" हंगेरियन भाषेत त्याचा अर्थ आपल्या 'शी'सारखाच. ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या त्यांच्या भाड्याच्या घरात पियानो शिकायला येणारी आमची मराठी मुलं त्यांना पाठीमागे फूयबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

माझ्या मुलीला, मैत्रीला, घेऊन मी दर शनिवारी फ्लॅट बुशच्या आमच्या घरून जायचो आणि धडा संपेपर्यंत कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचो. पहिल्याच दिवशी मी मोठ्या अभिमानानं तिच्या परीक्षांची सर्टिफिकेटं काढली. मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी बाईंनी ती फाइल दोन बोटांनी उचलली आणि माझ्या मांडीवर परत ठेवली. "मिस्टर मेश्राम, मला कागद ऐकू येत नाही." मग मैत्रीला म्हणाल्या, "एक सूर वाजव. एकच. आणि तो विझेपर्यंत ऐक." पाऊण तास तेवढंच चाललं. मला वाटलं, फसलो. पोरगी मात्र गाडीत म्हणाली, "पप्पा, आय लाइक हर हीप्स. खूपच!"

बुडापेस्टमध्ये विशीतच बाईंचं नाव झालं होतं. व्हिएन्ना, प्राग, सगळीकडे मैफली. नवऱ्याच्या नोकरीपायी ऑकलंडला आल्या, तर काम मिळालं ते हॉटेलात, जेवणाऱ्यांसाठी वाजवायचं. एका संध्याकाळी कुणीतरी त्यांच्या पियानोवर कोलंबीच्या सालांची बशी आणून ठेवली. "गुलाबी सालं. वर पिळलेलं लिंबू," बाई सांगायच्या, आणि इतक्या वर्षांनीही त्यांना खरोखर उमासा यायचा. त्यांनी अर्ध्यावर वाजवणं थांबवलं, झाकण लावलं आणि निघून गेल्या. पुन्हा लोकांसमोर वाजवलं नाही. शिकवू लागल्या.

"ज्याला ऐकू येत नाही त्याची मला दया येते," त्या म्हणायच्या. "ज्याला ऐकू येतं आणि तरी जो मध्ये बोलतो, त्याची किळस येते."

मी आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी होतो. वार्षिक कार्यक्रमाला बाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं, पुढच्या रांगेत बसवलं. मैत्रीनं एक फार हळुवार तुकडा सुरू केला. मागे समोशांसाठी रांग लागली. कुणीतरी माइकवरून आडव्या लावलेल्या गाडीचा नंबर पुकारला. अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "मेश्राम, आवरतं घ्या. डान्सवाली पोरं खोळंबलीत." आपली मुलगी किती सुंदर वाजवते, हे मला नेमकं त्याच क्षणी पहिल्यांदा कळलं होतं. तरीही मी उठलो, स्टेजवर गेलो आणि तिच्या खांद्याला हात लावला. ती थांबली. टाळ्याही आधी मीच वाजवल्या. त्या टाळ्यांची मला आजही शिसारी येते.

पुढच्या शनिवारी बाईंनी मैत्रीला आत घेतलं आणि दारातच मला म्हणाल्या, "मुलगी येईल. तुम्ही नाही." दीड वर्ष मी बाहेर गाडीत बसलो.

मैत्री शिकायला वेलिंग्टनला गेली, त्याच वर्षी बाईंची उजवी बाजू लुळी पडली. रेस्ट होमचा पत्ता मिळाल्यावर मी एकटाच गेलो. लाउंजमध्ये उकडलेल्या कोबीचा आणि फिनाइलचा वास कोंडला होता. स्पीकरवर बालगीत दणदणत होतं. तिथली एक कर्मचारी बाईंच्या डाव्या हातात प्लॅस्टिकची खंजिरी कोंबून, मनगट धरून ती हलवत होती. "कम ऑन, डार्लिंग! शी लव्ह्ज इट!" बाईंच्या बोटांना कस्टर्ड चिकटलं होतं. डोळे घट्ट मिटलेले.

"नाही, त्यांना आवडत नाहीये," मी म्हणालो आणि खंजिरी काढून घेतली.

"इट्स जस्ट अ बिट ऑफ फन!" ती म्हणाली. सगळे माझ्याकडे बघू लागले. बघू देत.

खुर्ची ढकलत मी बाईंना व्हरांड्यात आणलं, रुमाल ओला करून त्यांची बोटं एकेक करत पुसली. त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग जड जिभेनं म्हणाल्या, "पुढच्या... शनिवारी... लवकर या."

त्यानंतर पाच शनिवार आम्ही त्या व्हरांड्यात बसलो, फारसं काही न बोलता. सहाव्या शनिवारी सकाळीच रेस्ट होमचा फोन आला. बाई पहाटे गेल्या, आता यायची गरज नाही, म्हणाले. मी तरीही गेलो.