आजीची कागदाची सायकल

आमच्या आइंडहोवनच्या ऑफिसात लंच टेबलावर तुआनच्या आईचा एक किस्सा निघाला की दुसरा आपोआप निघतो. सगळे मरणाबिरणाचेच, आणि तरी आम्ही मेले हसायचो! शेवटी शेवटी मात्र हसू येईनासं झालं.

तुआन व्हिएतनामचा, माझ्याच टीममधला, घरही शेजारीच. वडील गेल्यावर २०१४च्या सुमारास त्याने आईला इकडे आणलं. तिच्या गावाचा धंदाच तो: बांबूच्या कामट्यांवर रंगीत कागद चिकटवून वस्तू करायच्या. कपडे, बूट, अख्खी घरं. त्या जाळल्या की गेलेल्या माणसाला तिकडे मिळतात. तुआनची मुलगी लिन तिला आजी म्हणायची, म्हणून आमचीही ती आजीच.

* * *

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला आजीने काय करावं? कागदाचा जाडजूड ओव्हरकोट! वर मफलर, हातमोजे.

"अगं आजी, तिकडे थंडी असते का?" मी विचारलं. आजीचं बोलणं लिन मला इंग्रजीत सांगायची.

"तिकडचं मला काय माहीत? पण मी आता इथे राहते. जेवायला त्याला इथेच यावं लागणार ना!"

बाहेर मरणाचा गारठा होता. बागेत लोखंडी बादलीत कोट पेटला तेव्हा आम्ही सगळे त्यावर हात शेकत उभे होतो.

* * *

धूर बघून कुंपणापलीकडून मरायकाबाई ओरडल्या. वय ऐंशीच्या घरात, एकट्या, नियमाच्या भलत्या पक्क्या. "कचरा जाळायचा नाही! उद्या गाडी येते त्याची!"

तुआनने डचमध्ये सगळं समजावलं. बाई तडक आत गेल्या. म्हटलं, झालं! आता पोलीस येणार.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच दारात. "माझ्या नवऱ्याला, हेन्कला, चष्म्याशिवाय पुरलं. गडबडीत राहूनच गेला. त्याला एक पाठवता येईल का?"

आजीने कामट्या पुढे ओढल्या आणि लिनला म्हणाली, "विचार त्यांना, नंबर किती होता?"

बाईंना नंबर पाठ होता. सांगता सांगता त्यांना रडू फुटलं.

* * *

सायकलवर आजी म्हणजे राणी! गावी जन्मभर सायकलच चालवलेली. पण इथे कुलूप लावावं लागतं, आणि किल्ली काही तिच्याकडे टिकायची नाही. भाजीच्या पिशवीत, बसस्टॉपवर, कुठेही हरवायची. मग भर पावसात चालत लिनच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची, कारण दुसरी किल्ली दोऱ्यात ओवून लिनच्या गळ्यात असायची.

"आजी, जरा सांभाळत जा ना किल्ली!" लिन वैतागायची.

"तू आहेस ना? मग मी कशाला सांभाळू!"

* * *

मग आजीच्या पोटात गाठ निघाली. पसरलेली.

आजीने तुआनला समोर बसवलं. "आता शिक. मला तिकडे सायकल लागेल. आपली आपण करायची नसते, मागे राहिलेल्यांनी करायची असते."

"आई, ऑनलाइन तयार मिळतात."

"तयार म्हणजे कुणाचीही. त्यापेक्षा मी चालत जाईन."

रोज संध्याकाळी ती कामट्या टेबलावर मांडायची आणि हा लॅपटॉप घेऊन वर जायचा. माझं डोकंच फिरलं. कॉफी मशीनपाशी गाठलं त्याला. "अरे, काय मागतेय ती तुझ्याकडे? सायकल! तीही कागदाची!"

"शिकून झालं की ती जाईल," तुआन म्हणाला. कॉफी तशीच ठेवून निघून गेला.

* * *

एकदा आजीने विचारलं, तुमच्यात गेलेल्या माणसाला काय पाठवता? मी सांगितलं, भाताचा पिंड ठेवतो आणि कावळा शिवायची वाट बघतो.

"नाही शिवला तर?"

"म्हणजे माणसाची इच्छा राहिलीय. मग घरातलं कुणीतरी हात जोडून सांगतं, तुझं राहिलेलं आम्ही करू. मग शिवतो."

आजी खुदकन हसली. "माझ्या पोराला सांगून ठेव. इथे कावळे भरपूर आहेत!"

तुआन जिन्यात उभा राहून ऐकत होता. खाली आला, आईशेजारी बसला आणि त्याने कामटी हातात घेतली.

* * *

एक चाक शिकवून झालं आणि आजी गेली. दुसरं चाक तुआनने आठवून आठवून केलं. ते मोठं झालं. सायकल पुढे झुकल्यासारखी दिसत होती, पण सायकल होती! मरायकाबाईंनी काडेपेटी आणली. सायकल बादलीत मावेना, म्हणून बागेतल्या फरशीवरच ठेवली.

"थांबा!" लिन म्हणाली. तिने खिशातून कागदाचं कुलूप काढून मागच्या चाकाला बांधलं आणि सीटवर एक कागदाची किल्ली ठेवली.

तुआनने काडी ओढली. सगळं पेटलं, आणि मग त्याला लिनच्या गळ्यातल्या दोऱ्याला तशीच कागदाची दुसरी किल्ली दिसली.

"तीही टाक, बाळा."

लिनने किल्ली मुठीत धरली.

"नाही. आजी तिची हरवणारच. मग ती माझ्याकडेच येते."