आग्नेय कोपऱ्यातला प्रिंटर

आमच्या ऑफिसातला प्रिंटर बिघडलेला नव्हता. तो फक्त नेटवर्कवरून गायब व्हायचा. कॉम्प्युटरवर 'ऑफलाइन' असं यायचं, आणि हा समोर निळा दिवा मिचकावत बसलेला. बंद करा, थोडं थांबा, चालू करा, की यायचा. दोन पानं छापायचा आणि तिसऱ्याला परत गायब. चांगला मोडला असता तर नवा तरी आणला असता.

बडोद्याच्या गोरव्यात आमचा व्हॉल्व्ह बनवायचा कारखाना आहे. मी क्वालिटीत. माल भरलेला ट्रक फाटकाबाहेर काढायचा तर बरोबर टेस्ट सर्टिफिकेट लागतं, छापील, माझ्या सही-शिक्क्याचं. छापायचं काम डिस्पॅचच्या बेनचं. ट्रक जेवणाच्या सुमाराला भरून होतात, म्हणून छपाईची घाई तेव्हाच, आणि प्रिंटर जायचा तोही तेव्हाच.

"भाई, पाछुं गयुं!" बेन त्यांच्या टेबलावरून ओरडायच्या. परत गेला. मी शिक्का हातात धरून उभा, खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि आम्ही दोघं त्या डब्याकडे बघतोय.

नेटवर्कवाला यायचा तो सकाळी, ऑफिस उघडल्या उघडल्या. टेस्ट पेज काढायचा. झक्क निघायचं. "चाले छे ने?" असं विचारून, आमच्याच चेहऱ्यात काही बिघाड असावा तसं बघून जायचा. त्याने कॉम्प्युटरमधला प्रिंटरचा ड्रायव्हर काढून परत टाकला, प्रिंटरला नेटवर्कवर कायमचा पत्ता दिला, राउटर बदलला. शेवटी म्हणाला, वायर ओढून घ्या, कटकटच नको. त्यावर शेठ म्हणाले, आग्नेयेच्या भिंतीला भोक पाडायचं नाही.

ही आग्नेय आमच्यात कशी आली ते सांगायला हवं, कारण ती मीच आणली. माझे साडू इथेच, बडोद्यात अकोट्याला राहतात आणि वास्तू बघतात. धंदा मंद होता तेव्हा शेठ एकदा म्हणाले, "भाऊ, कोणी चांगला जाणकार आहे का तुमच्या ओळखीत?" मी लगेच साडूंचं नाव सांगितलं. ते आले, होकायंत्र घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरले आणि म्हणाले की जे जे तापतं ते अग्नी, त्याची जागा आग्नेय कोपऱ्यात. तिथे चहाचा ओटा आणि डबे गरम करायचा मायक्रोवेव्ह आधीच होता. प्रिंटरही तापतो, सबब तोही तिथेच. नेटवर्कची वायर तिथवर जात नव्हती, म्हणून वायफाय. पुढे लवकरच मोठी ऑर्डर आली. शेठनी साडूंना पेढे पाठवले आणि बडोद्यातल्या निम्म्या व्यापाऱ्यांना त्यांचा नंबर दिला. आमच्या घरी माझा भाव वधारला तो तेवढ्यापुरता.

प्रिंटर का जातो ते मला कळलं योगायोगाने. एक दिवस जेवायला उशीर झाला. मायक्रोवेव्हमध्ये वरणभात ठेवून मी उभा होतो, शेजारी प्रिंटर. मायक्रोवेव्ह घरघरायला लागला आणि प्रिंटरचा स्थिर निळा दिवा मिचकावू लागला. बंद केला. थोड्या वेळाने दिवा स्थिर. परत चालू केला, परत मिचकावला. मायक्रोवेव्हच्या लहरी वायफायच्या लहरींत ढवळाढवळ करतात, हे मी कुठेतरी वाचलेलंही होतं. म्हणजे जेवणाच्या वेळी सगळे ओळीने डबे गरम करणार, आणि बेन त्याच वेळी छापणार.

मी वरणभात खाल्ला आणि ऑफिसात कोणालाही काही बोललो नाही.

का? दोन्ही एका कोपऱ्यात नकोत म्हटलं की साडू चुकले असा अर्थ निघणार. बायकोला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तुम्ही शेठना सांगणार, शेठ भावजींना विचारणार, आणि रविवारी ताईकडे जेवायला मी कोणत्या तोंडाने जाऊ?" हे तिने म्हटलं खरं, पण ते निमित्त झालं. मुळात मला कोणाच्याही समोर उभं राहून काही बोलायचंच नसतं. आयुष्यभर माझं हे असंच चालत आलंय.

त्याऐवजी मी काय केलं ते लिहायलाही लाज वाटते. मी डबा थंड खायला लागलो. इतरांनाही सांगू लागलो की मायक्रोवेव्हचं अन्न पोटाला बरं नाही. "काकांना काहीतरी झालंय," अकाउंट्समधला एक जण म्हणाला, आणि डबा आत ठेवून त्याने बटण दाबलं. मागून बेनचा आवाज आला, "पाछुं गयुं!"

आता लोक बेनना चिडवू लागले होते. "बेन, हात लावू नका, नुसतं लांबून नमस्कार करा." "बेनचा हात लागला की यंत्रं उपास करतात." बेन हसून "तमे छापो ने, तुम्हीच छापा!" म्हणायच्या. पण एकदा घाईत सर्टिफिकेटची वाट न बघता ट्रक सोडला, गिऱ्हाइकाने कागदांशिवाय आलेला माल परत पाठवला आणि थट्टेचं प्रकरण झालं. शेठनी ठरवलं, डिस्पॅचला दुसरा माणूस बसवायचा आणि बेनना पहिल्या तारखेपासून लांब सावली गावात आमचा दुसरा प्लांट आहे, तिथल्या स्टोअरमध्ये पाठवायचं.

बेन मांजलपूरला राहतात. आई अंथरुणाला खिळलेली. तिला सांभाळणारी बाई संध्याकाळी निघून जाते, तोवर बेन स्कूटरवरून घरी पोचतात. सावलीहून ते शक्यच नव्हतं. सावली म्हणजे नोकरी सोडणं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "भाई, शेठ तुमचं ऐकतात. एकदा बोलून बघा ना."

"बघतो," मी म्हणालो.

बघतो बघतो म्हणता महिनाअखेर आली. सह्यांसाठी शेठच्या केबिनमध्ये गेलो होतो. बेनच्या जागेवर कोणाला बसवायचं, हे ते मलाच विचारायला लागले. माझ्या तोंडून एकदम निघालं, "शेठ, बेनचा काही दोष नाही. मायक्रोवेव्हमुळे होतंय ते."

"शुं?"

मी त्यांना कोपऱ्यात घेऊन गेलो. कपभर पाणी आत ठेवलं, चालू केलं आणि बेनना म्हटलं, छापा. प्रिंटर गेला. बंद करून पुन्हा छापायला सांगितलं. थोडा थांबून प्रिंटर आला. सगळं ऑफिस उभं राहून बघत होतं. शेठनी स्वतः एकदा बटण दाबून पाहिलं. मग म्हणाले, "पण भाऊ, दोन्ही अग्नीची." आणि त्यांनी तिथेच साडूंना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि क्षणभरही न अडखळता म्हणाले, "शेठ, प्रिंटर तापतो खरा, पण त्याचं मूळ काम कागद हलवायचं. म्हणजे वायू. वायव्येला ठेवा, उत्तम."

वायव्येला आमचा राउटर आहे, हातभर वायरीच्या अंतरावर.

झालं. दोन मिनिटांचं काम! ना साडू रागावले, ना शेठ. रविवारी ताईंकडे बासुंदी होती, आणि साडूंनी हा किस्सा स्वतःच रंगवून सांगितला. ज्याला मी एवढा घाबरून होतो ते कुठे नव्हतंच. मला स्वतःचा जेवढा वैताग आला, तेवढा त्या प्रिंटरचाही कधी आला नव्हता.

पण त्याआधी, फोन झाला त्याच संध्याकाळी, शेठनी बेनना बोलावून सावली रद्द केल्याचं सांगितलं. त्या बाहेर आल्या त्या सरळ माझ्यापाशी.

"भाई, हे तुम्हाला कधी कळलं?"

आजच, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"होळीच्या आधी," मी म्हणालो.

आणि आता बाजारात दिवाळीचे कंदील आले होते. बेनचा आवाज चढला नाही. "मी परवाच बाईला नको म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, नोकरी जाणारच, मग आईजवळ मीच बसेन. तिने दुसरं घर धरलं."

त्या पर्स घेऊन निघून गेल्या.

दुसरी बाई अजून मिळालेली नाही. आईला सकाळी शेजारीण बघते, ती दुपारनंतर मोकळी नसते. म्हणून बेन अर्धा दिवसच येतात, आणि जेवणानंतर त्यांच्या टेबलावर मी बसतो. तसं मीच शेठकडे मागून घेतलं. बेनचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. कोणती सर्टिफिकेटं राहिली आहेत तेवढं सांगतात आणि जातात. मी छापतो, मीच सही करतो, मीच शिक्का मारतो. प्रिंटर एकदाही जात नाही.