चिखलदऱ्याच्या वळणावरची रुई

नाशिकरोडला मला गाडीत बसवून देताना थोरल्या भावाने शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "पन्नाशी उलटली, सरोज. खेळण्यातली मोटार घेऊन अकोल्याला निघालीस, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना सांग, जिंकायला गेलीय." गाडी हलली म्हणून त्याचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

गल्लीतल्या बऱ्याच जणांना माझा हा खेळ अजून समजलेला नाही, म्हणून आधी तो सांगते. लाकडी फळ्यांचा वळणावळणाचा रस्ता करायचा आणि त्यात खाचा पाडायच्या. खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याची पट्टी, तिच्यात वीज. अर्ध्या वितीच्या गाडीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसते, आणि हातातला चाप दाबाल तशी गाडी पळते. तिला वळवावं लागत नाही. कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं, एवढंच कळावं लागतं. हाव सुटली की गाडी वळणावर उडून पडते. मी वडिलांच्या दुकानात वीस वर्षं पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारी भरते आहे (जळलेली तार काढून नवी गुंडाळते). या गाडीची मोटारही माझ्याच हातची, आणि नाशिकमध्ये मला कुणी हरवलेलं नाही.

मला बोलावलं होतं सुनंदाने. आम्ही दोघी तंत्रनिकेतनात एका बाकावर होतो. लग्नानंतर ती अकोल्याची झाली आणि शाळेत विज्ञान शिकवू लागली. तिचा नवरा भास्कर काळ्या मातीतला शेतकरी, आणि या खेळाचा माझ्याहून वेडा. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "भास्करच्या जागी तू खेळ. का, ते इथे आल्यावर सांगते."

संध्याकाळी तिच्या घरी पोचले तर भास्कर पलंगावर, कमरेला हातभर रुंद पट्टा. दिवाळीनंतर शेतातून येताना मोटारसायकल घसरली आणि मणका दुखावला. वर्षभर गाडीचे धक्के बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात काठी धरून चालायचं, बाहेर नाही.

ट्रॅक मात्र अमरावतीला. अकोला आणि अमरावतीच्या या मित्रांमध्ये मिळून एकच ट्रॅक आहे, सहा फळ्यांचा, आणि दरसाल सामना जिंकेल त्या गावात तो वर्षभर राहतो. गेली चार वर्षं अमरावतीवाले जिंकत होते, आणि ट्रॅक त्यांच्या हमीदभाईंकडे होता. सुनंदाने मला घरामागची कापसाची खोली दाखवली. झाडून, चुना मारून लख्ख केलेली, अगदी रिकामी. "इथे ट्रॅक आला तर तो खेळेल," ती म्हणाली. "तीन महिने भिंतीकडे बघत पडलाय गं. मला भीती वाटते त्याच्या गप्प राहण्याची."

मी भास्करला म्हटलं, "अमरावतीवाल्यांना सांगून टाकू. मित्रच आहेत ना?"

तो उशीवरून मान उचलून म्हणाला, "अजिबात नाही. हमीदभाईले कळलं तर तो आत्ता ट्रॅक उचलून घेऊन येईन. मले मागून आणलेला नाही पाह्यजे. जिंकून आणा."

"आणते," मी म्हटलं. मला तेव्हा तिळभरही शंका नव्हती.

रविवारी सकाळी जीपने निघालो. मी, सुनंदा, आणि हार्डवेअरचं दुकान बंद ठेवून आलेला, अकोल्याकडून खेळणारा गजानन. फेब्रुवारी संपत आला होता, तरी मूर्तिजापूरपर्यंतच उन्हाने काच तापली. दोन्ही बाजूंना उपटलेल्या पऱ्हाट्यांचे (कापसाच्या झाडांच्या वाळक्या काटक्यांचे) ढीग होते. बियाण्याच्या जाहिरातींतले शेतकरी हसत होते. बसथांब्यांवर बसलेले हसत नव्हते. एका बंद जिनिंगच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या) फाटकावर वेल चढला होता. मी त्याबद्दल विचारलं तेव्हा गजानन म्हणाला, "त्याचं काय विचारता ताई, बंद पडलेले आता मोजाचेच सोडले आमी." मग तो माझ्या मोटारीला किती वेढे आहेत ते विचारत बसला.

अमरावतीत राजापेठेच्या चौकात गिला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा, वर तिखट) खाल्ला. दुकानांच्या आणि शिकवण्यांच्या पाट्यांमधून, स्कूटरवाल्यांच्या शिव्या खात, मागच्या गल्लीत हमीदभाईंच्या, म्हणजे बाकी सगळ्यांच्या हमीदचाचांच्या, गादी कारखान्यापाशी पोचलो. पिंजणाचं यंत्र एका कोपऱ्यात झाकून ठेवलेलं आणि मधल्या मोकळ्या जागेत ट्रॅक. पूर्वी या जागेत लग्नसराईच्या गाद्यांची थप्पी छताला लागायची म्हणे. हवेत बारीक रुई तरंगत होती आणि उन्हाच्या तिरिपेत चमकत होती. मला ती सुंदर वाटली, त्याहून जास्त मी तिचा विचार केला नाही.

"या, या! भास्कर कुठी आहे?" साठीचे, पांढऱ्या दाढीचे हमीदचाचा दारातच आडवे आले.

"शेतात काम निघालं," सुनंदा चपलांकडे बघत म्हणाली.

"दिवाळीपासून कामच निघून राहिलं त्याले," चाचा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

ट्रॅक पाहून मात्र मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांचा भाऊ आखातातून एक खेळ घेऊन आला होता. तो बघून चाचांनी आणि भास्करने हा रस्ता स्वतः कोरला. वीज ट्रकच्या दोन बॅटऱ्यांवर, कारण भारनियमनात दिवसातले सात-आठ तास सगळं गाव बसून असतं. उंच जाऊन एकदम वळणाऱ्या तुकड्याचं नाव चिखलदरा. तिथून गाडी उडाली की थेट खाली रुईच्या ढिगात. मग सगळे ओरडतात, "धारणीले गेली!" धारणीचे रस्ते असे की गेलेला माणूस लवकर परत येत नाही, म्हणून.

सरावात माझी गाडी तिसऱ्याच फेरीला धारणीले गेली. हशा झाला. मी काढून आणली, पुसली आणि आसाला तेल सोडलं. चाचांची मुलगी शबाना तिच्या गाडीची चाकं ओल्या फडक्याने पुसत होती. ती म्हणाली, "ताई, तेल नका लावू. इथं रुई उडते, चिकटते."

"वीस वर्षं मोटारी भरतेय मी," मी म्हटलं आणि आणखी दोन थेंब सोडले. हे वाचून कुणी हसणार असेल तर खुशाल हसा.

खेळाआधी चाचांनी मला इथली रीत समजावली. "तुमची गाडी पडली तर तुमच्यावाल्यानं हात लावाचा नाही. समोरच्यानं उचलाची. आन् पडली तशी ठेवाची नाही, पळन अशी ठेवाची." म्हणजे वळणांवर माझी गाडी सांभाळायला उभे राहणार ते मला हरवायला टपलेले लोक. मला ही रीत फार भाबडी वाटली. नाशिकमध्ये आम्ही आपापली गाडी आपणच उचलतो, आणि त्यावरून भांडतो.

एकास एक अशा तीन झुंजी होत्या आणि निकाल तिन्हींतल्या फेऱ्यांच्या बेरजेवर. सुनंदा अमरावतीच्या एका वकीलसाहेबांशी बरोबरीत सुटली. गजानन चाचांकडून दोन फेऱ्यांनी हरला. मग जेवायला उठलो. चाचींनी डालचा (दुधीभोपळा घालून आंबट केलेली डाळ) आणि भात केला होता. शबानाने आग्रहाने दोनदा वाढलं आणि वर म्हणाली, "पोटभर जेवा ताई, मंग हरल्याचं वाईट वाटत नाही." पोरगी मला आवडली. तिला हरवायचं हे मात्र ठरलेलंच होतं. सुनंदा जेवलीच नाही.

चारच्या सुमाराला आमची झुंज सुरू झाली. माझी मोटार काय पळाली म्हणून सांगू! पहिल्या मिनिटात पिछाडीची एक फेरी भरून काढली, तिसऱ्यात दुसरी. वीज गेली, पंखे थांबले, गाड्या पळत राहिल्या. बेरजेत मी अकोल्याला एक फेरी पुढे नेलं आणि मनात ट्रॅक भास्करच्या खोलीत मांडूनही टाकला.

मग गाडी जड झाली. चाप पूर्ण दाबूनही ती ओढल्यासारखी चालू लागली. शबानाने एक फेरी परत मिळवली, बेरीज बरोबरीला आली. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. मोटार जळतेय की काय, तेही कळेना. घाबरून मी चिखलदऱ्यावर नको तिथे जोर दिला आणि गाडी उडाली.

वळणावर हमीदचाचा होते. त्यांनी ती हवेतच झेलली. नुसती खाचेत टेकवली असती तरी कुणी बोट ठेवलं नसतं. गाडी आणखी दोन वळणं रखडली असती आणि ट्रॅक पाचव्या वर्षीही त्यांच्याकडेच राहिला असता. त्यांनी ती उलटी केली. आसाला तेलाने चिकटलेली रुईची करडी वात नखाच्या चिमटीत धरली, एका झटक्यात ओढली, चाक सदऱ्याच्या बाहीला पुसलं आणि गाडी ठेवली. माझे पुरे तीन श्वासही झाले नसतील. मी चाप दाबला आणि गाडी सुटली.

वेळ संपल्याची शिटी वाजली तेव्हा शबानाची गाडी अजून वळणावर होती आणि मी तिच्या तीन फेऱ्या पुढे. गजाननने मला उचलायचंच बाकी ठेवलं. अकोला एका फेरीने जिंकलं होतं.

"अब्बा," शबाना चाप टाकून म्हणाली, "इतकं साफ कराची काय गरज होती?"

"हात आपोआप गेला, बेटा," चाचा म्हणाले. "चाळीस वर्सं रुईच ओढून राहिलो मी."

ते पाने घेऊन आले आणि स्वतःच फळ्यांचे बोल्ट सोडू लागले. पाठ आमच्याकडे. रिकामी होत चाललेली ती जागा बघवेना. जिंकल्याचा आनंद मला होता, खोटं बोलणार नाही, पण तो माझ्या एकटीचा नव्हता आणि हे त्यांना माहीतच नव्हतं. सुनंदाकडे न बघता मी बोलून टाकलं. मोटारसायकल, मणका, पलंग, चुना मारलेली खोली, सगळं.

चाचांनी पाना खाली ठेवला. "कावून नाही सांगितलं मले?" ते सुनंदावर ओरडलेच. "तीन महिने! मले वाटलं, माह्यावर रुसला." सुनंदा रडू लागली. तेव्हा चाचा आवाज उतरवून म्हणाले, "पण बरं केलं. माहीत असतं तर तुमची गाडी हातात घेऊन मी इचार करत बसलो असतो. मंग ट्रॅक भास्करनं नसता जिंकला. मी देल्ला असता." त्यांनी पाना उचलला. "फळ्या एका पातळीत बसवणं गजाननच्या बापाले नाही जमणार. मी येतो संग."

टेम्पोत फळ्यांना पाठ टेकून ते अकोल्यापर्यंत आले. भास्कर काठी धरून दारात उभा होता. त्याने आधी टेम्पो पाहिला, मग चाचांना, आणि मग सुनंदाकडे असं पाहिलं की ती घाईने स्वयंपाकघरात गेली.

"शेतात काम होतं म्हणे?" चाचांनी विचारलं.

"होतं ना. पलंगावर पडून राहाचं."

"जिंकले बाप्पा तुह्ये लोक. खरंखुरं जिंकले. मीच हरलो, मले माहीत आहे." भास्कर हसला. त्या घरात गेल्यापासून मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहत होते.

सकाळी उन्हं आत यायच्या वेळेला ट्रॅक उभा राहिला. उंच खुर्चीत भास्कर, पाठीला दोन उशा, हातात चाप. समोर त्याचा जुना प्रतिस्पर्धी. पहिल्या दोन फेऱ्या भास्करने जपून काढल्या, तिसरीत हाव सुटली आणि चिखलदऱ्यावरून गाडी फरशीवर आपटली. तो सवयीने उठायला गेला आणि कळवळला.

"बस खाली!" चाचा म्हणाले. "तुही गाडी मीच उचलाची. रीत इसरला काय?"

त्यांनी गाडी उचलली, उलटी केली आणि आसापाशी नखाची चिमूट नेली. चिमूट रिकामी आली. त्यांनी चाक फिरवून पुन्हा पाहिलं. मग खोलीभर नजर फिरवली: कोपरे, आढं, पांढऱ्या भिंती.

"रुईचा एक धागा नाही रे, भास्कर."

"दोन वर्सं झाले, हमीदभाई. या खोलीत कापूस आलाच नाही."

बाहेर सुनंदाचा कुकर वाजला. चाचांनी गाडी खाचेत ठेवली, तिच्या टपावर एक बोट क्षणभर टेकवून धरलं आणि म्हणाले, "मंग पळव आता. अडवाले काही नाही."

आणि भास्करने पळवली. मी निघेपर्यंत तो पळवतच होता.

परतीच्या प्रवासात डबा उघडून गाडी पाहिली. आसाच्या आतल्या बाजूला अमरावतीची रुई अजून थोडी चिकटली होती. ती मी काढली. पळेल अशी ठेवायची, तर नाशिकला आल्यावरही तशीच ठेवायला हवी. शबानाने फोनवर बजावलंय, पुढच्या साली ट्रॅक परत नेणार. भास्कर म्हणतो, येऊन तर पाहा.

भावाने स्टेशनवरच विचारलं, "जिंकलीस?" जिंकले, म्हटलं. पण माझी पडलेली गाडी कुणी उचलली, ते त्याला आधी सांगितलं.