नलूमावशींनी थांबवलेली दुपार

सुमेधचा फोन आला तेव्हा मी टेक्सासमधल्या प्लेनोच्या फ्रीवेवर होते. "आई गेली गं," एवढंच म्हणाला. पुढची एक्झिट घेतली, गाडी कडेला लावली आणि रडून घेतलं. सुमेधची आई, नलूमावशी, माझ्या सख्ख्या कुणी नव्हत्या. पण ईशान तान्हा होता तेव्हाची एक दुपार मी अजून विसरलेले नाही...

भर उन्हाळ्यात एसी बंद पडला. नवरा टूरवर, मला सीझरमुळे ड्रायव्हिंग बंद, ईशान लालबुंद होऊन दूध घेईना. मेकॅनिक येऊन कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग जळलं म्हणून सांगून गेला. मागच्या गल्लीत सुमेधकडे पोरांना कांजिण्या, तिथे बाळाला नेता येईना. मी हॉटेल शोधत असताना मावशी वीज तपासायचा मल्टिमीटर घेऊन हजर. नागपूरच्या पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी आयुष्यभर मोटरींचीच लॅब घेतली होती. "मेकॅनिकनं सांगितलं आणि तू ऐकलं? थांब जरा."

वीज तोडून, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज काढून त्यांनी मोटरच्या कॉमन, स्टार्ट आणि रन अशा तीन टोकांच्या तारा सुट्या केल्या. कॉमनपासून स्टार्टकडे मीटर काहीच दाखवेना, रनकडेही नाही. मग त्यांनी कॉमन सोडून स्टार्ट आणि रनला टोकं लावली, आणि आकडा आला! टोकांपासून मोटरच्या अंगाशीही तपासलं, तिथे गळती नव्हती.

"दोन्ही वाइंडिंग शाबूत आहेत. मोटर तापल्यामुळे कॉमनच्या वाटेवरचा आतला प्रोटेक्टर उघडलाय, तो जळण्याआधीच वीज तोडतो. गार झाला की जुळेल."

"आणि नाही जुळला तर? मावशी, बाळ आहे हो माझं!" मी चक्क ओरडले.

"म्हणूनच म्हणते. त्याला ओलं फडकं लाव, हॉटेल बुक करून ठेव. मी आहे इथे."

त्यांनी बाहेरच्या मशीनच्या जाळीतला कचरा काढला, पाइपनं पाणी सोडलं आणि त्या तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा कॉम्प्रेसरवर तळवा ठेवून उन्हात उभ्या राहिल्या. मी खिडकीतून बघत मनात त्यांना नाही नाही ते बोलत होते. कितीतरी वेळानं त्यांनी पुन्हा मीटर लावला, आता कॉमनपासूनही आकडा आला; मग तारा जोडल्या, वीज दिली. मशीन घरघरलं. मावशी आत येऊन थंड हवेच्या व्हेंटखालच्या खुर्चीत ईशानला मांडीवर घेऊन बसल्या, आणि तो दूध प्यायला.

मावशी गेल्यानंतर, परवा या वर्षी पहिल्यांदाच एसी लावला. घामाघूम होऊन मी त्या खुर्चीत टेकणार, तोच ईशान धावत आला; मावशींना तो आजी म्हणतो आणि ती दुपार त्यानं माझ्याकडून कितीदा तरी ऐकलीय. "नो आई! दॅट्स आजीज चेअर. शी इज हॉट आउटसाइड."

मी उभीच राहिले.