डबा कोणाला द्यायचा नाही

मुलगी तिसरीत असताना शाळेत डॉक्टर येऊन सगळ्या मुलांना तपासून गेले. संध्याकाळी तिने दप्तरातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. वयाच्या मानाने वजन कमी, रक्त कमी, आहाराकडे लक्ष द्यावे.

आम्ही तेव्हा मुलुंडला राहत होतो. बायको भांडुपच्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. पहिली पाळी असल्यामुळे ती पहाटे पोळ्या लाटून, स्वतःचा डबा घेऊन निघून जायची. मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होतो आणि मला उशिरा पोचायचं असे. म्हणून मुलीचा शाळेचा डबा माझ्याकडे आला होता. तोवर मी तो कसातरी उरकत होतो. पोळीला तूपसाखर लावायची, गुंडाळायची आणि द्यायची. फार तर आदल्या दिवशीची बटाट्याची भाजी. कारखान्यात एखादं बेअरिंग कमी भरलं तर मला जेवण जात नसे, आणि इथे घरात पोरीचं वजन कमी भरलं होतं. चिठ्ठीवर सही करताना मला फार ओशाळल्यासारखं झालं.

मग मी डबा मनावर घेतला. मटकी, मूग, चवळी आळीपाळीने भिजत पडू लागली. मेथीचे पराठे, नाचणीचे घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, बिटाची कोशिंबीर, पालक घालून मुगाचं धिरडं. एका आठवड्यात एक भाजी पुन्हा करायची नाही असा नियमच केला. शिवाय रोज शेंगदाणे, गूळ आणि खजुराचे दोन लाडू. ते लहानमोठे होऊ नयेत म्हणून मी चमच्याने माप घेऊन वळायचो. शेजारच्या वहिनी दारातून बघून म्हणायच्या, "भावोजी, आमच्या ह्यांची पण शिकवणी घ्या की." मला ते आवडायचं.

शाळा मराठी होती. मधल्या सुट्टीत मुली वर्गातच खाली गोल करून बसायच्या आणि अंगतपंगत व्हायची. कोणाच्या डब्यातली भाजी कोणाच्या झाकणात जाते याला काही धरबंध नसे. मला हे माहीत होतं. कोकणात गावच्या शाळेत मीही तसाच जेवलो होतो. पण मी विचार केला तो असा की इतक्या खटपटीने भरलेला डबा सातजणींत गेला तर हिच्या अंगाला काय लागणार? म्हणून तिला बजावलं, "डबा कोणाला द्यायचा नाही. तो तुझ्या वजनासाठी आहे." संध्याकाळी कामावरून आलो की विचारायचो, भाजी सगळी खाल्लीस का, लाडू दोन्ही तूच खाल्लेस का. ती मान हलवायची. ऐकणारी पोर होती.

अधूनमधून मी तिला स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रावर उभी करायचो. नाणं टाकलं की दिवे लागायचे आणि तिकीट बाहेर पडायचं. आकडा वाढत होता. कॅन्टीनमध्ये मी तो चारचौघांना ऐकवला. एकाने त्याच्या बायकोसाठी माझ्या लाडवांचं प्रमाण लिहूनही घेतलं.

एके दिवशी ती घाईत डबा घरीच विसरली. मी कामावर जाता जाता वाट वाकडी करून शाळेत गेलो. पोचलो तेव्हा मधली सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. पोर उपाशी बसली असेल या विचाराने मी व्हरांड्यातून भरभर चालत वर्गाच्या दाराशी आलो.

ती गोलात बसली होती. तिच्यापुढे कोणाच्या तरी डब्याचं झाकण होतं आणि त्यात अर्धी पोळी, लिंबाच्या लोणच्याची फोड, थोडे पोहे, थोडी शेवयांची खीर, दोनतीन शंकरपाळे असं सगळं एकात एक झालेलं होतं. तोंड भरलेलं होतं. शेजारची मुलगी काहीतरी सांगत होती आणि ही घास सांडेल म्हणून तोंडावर हात धरून हसत होती. घरी जेवताना तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिने झाकण हळूच शेजारणीकडे सरकवलं, तोंडातला घास कसाबसा गिळला आणि उभी राहिली.

"बाबा, मी नाही मागितलं. त्यांनीच दिलं."

मी म्हटलं, अगं खा, खा. डबा तिच्यापुढे ठेवला, स्वतःच उघडला आणि जरा हसत सगळ्यांना म्हणालो की आज यातलं सगळ्यांनी घ्यायचं. एकही हात पुढे आला नाही. दोन वेण्या घातलेली एक मुलगी म्हणाली, "नको काका. तुम्ही मोजता ना."

तिच्या शेजारचीने तिला कोपराने ढोसलं आणि घाईघाईने म्हणाली, "आमची पोटं भरली, काका. खरंच."

त्यात टोमणा नव्हता. मोठ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून घरात बायका जसं सावरून घेतात, तसं त्या आठ वर्षांच्या मुलीने मला सावरून घेतलं होतं. डब्यात दोन लाडू होते आणि मुली सात. माझी मुलगी त्या लाडवांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. तिला माझ्याकडून काहीतरी हुकूम हवा होता.

बाई टेबलाशी वह्या तपासत होत्या. त्या माझ्याबरोबर व्हरांड्यात आल्या आणि खालच्या आवाजात बोलल्या. मुलगी बरेच महिने खिडकीकडे तोंड करून एकटीच जेवते, झाकण पुढे उभं धरते. विचारलं तर म्हणते, बाबांनी सांगितलंय. मध्ये एका मुलीची आई दवाखान्यात होती आणि ती डब्याशिवाय आली. सगळ्यांनी तिला घास घास दिला. हिने नाही दिला. पटापटा खाऊन डबा मिटला आणि मग डोकं बाकावर ठेवून रडली. मी विचारलं, मला बोलावलं का नाहीत? बाई म्हणाल्या, "घरात जरा ओढग्रस्त असेल असं वाटलं. उगाच कोणाला कशाला खाली बघायला लावायचं?"

घरी खजुराची अख्खी पिशवी आणि शेंगदाण्याचा भरलेला डबा होता. हे त्यांना सांगणं म्हणजे जास्तच लाज. मी बरं म्हटलं आणि निघालो.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती जमिनीवर बसून दुखणाऱ्या पोटऱ्या चोळत ऐकत होती. मग तिने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, मी कंपनीत सहा पोळ्या खाते?"

ती रोज सहा पोळ्या नेते हे मला पक्कं माहीत होतं. दिवसभर उभ्याचं काम, भूक लागत असेल, असं मी धरून चाललो होतो.

"दोन खाते," ती म्हणाली. "बाकीच्या कोणाच्या ते मलाही ठाऊक नसतं."

दुसऱ्या दिवसापासून मी मोठा डबा काढला. पराठे जास्त, लाडू आठ. मुलीला सांगितलं, सगळ्यांना द्यायचं. आणि संध्याकाळी सवयीने विचारलंच, किती जणींनी घेतले? ती म्हणाली, सगळ्यांनी. पुढच्या दिवशी पडताळून पाहायला घावन मुद्दाम कमी ठेवले होते, तर तिने सांगितलेला आकडा बरोबर तेवढाच आला. रोज तसंच. स्टोअर्समध्ये एखाद्याचा माल रोज न चुकता जुळायला लागला की आम्हाला संशय यायचा. मी तिला जवळ बसवून खरं सांग म्हटलं. तिने फ्रॉकची किनार मुठीत धरली. कोणीच घेत नव्हतं. ती लाडू शिपाईमावशींना देऊन यायची.

"मग खोटं का सांगितलंस?"

"तुम्ही विचारता म्हणून."

किनार सोडून तीच म्हणाली, "बाबा, तुम्ही करून ठेवा. डबा मी भरते. आणि मग विचारू नका."

तसं ठरलं. मी सकाळी भाजी करायचो, पराठे लाटायचो आणि सगळं ओट्यावर झाकून ठेवायचो. ती पाट ओढून त्यावर चढायची आणि माझ्याकडे पाठ करून डबा भरायची. काय नेते, किती नेते, काय परत आणते, मी बघत नव्हतो. परत आलेला डबाही तीच घासून ठेवायची. खिडकीकडे तोंड करून बसणं सुटलं की नाही हे विचारायला मला तोंड नव्हतं. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी ती सहज म्हणाली, पराठ्यात मिरची जास्त घाला, तिला तिखटच लागतं. कोणाला, ते तिने सांगितलं नाही. मी मिरची घातली.

पण सवय जात नाही. ती भरत असताना मी मोरीत भांडी विसळायला बसायचो. पाठमोरा असलो तरी स्टीलच्या डब्यात लाडू पडल्याचा आवाज कानाला कळायचा. एक, दोन, तीन. मग मी नळ जरा मोठा सोडायचो.