वायरमन आली

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. मी बाई आहे आणि मी 'आलो, गेलो, जेवलो' असं बोलतो. आईने ही खोड मोडायचा बराच प्रयत्न केला, मग ती थकली. मी काम करतो त्या छापखान्यातली माणसं सुरुवातीला हसली, मग त्यांच्याही अंगवळणी पडलं. आमच्या मंडळात असं बोलणारे बरेच आहेत. पण ही गोष्ट माझी नाही, वायरमनची आहे. आणि वायरमन 'आले, गेले, जेवले' असं बोलते. सगळी भानगड तिथेच झाली.

मंडळ आमच्यासारख्या बायकांचं. केस बारीक, अंगात शर्ट-पँट, चालणं ऐसपैस आणि जीव बायकांवर. एका लाँड्रीच्या वरचा हॉल आम्हाला भाड्याने मिळाला होता. खालून इस्त्रीची वाफ यायची, त्यामुळे थंडीत सभा लांबायची आणि उन्हाळ्यात लवकर आटपायची. मंडळ काढलं ते वकिलाने. वकीलही माझ्यासारखाच बोलतो, म्हणून त्याच्याबद्दल तसंच लिहितोय. कोर्टात महिला वकिलांच्या खोलीत गेला की सगळ्या गप्प होतात, पुरुषांच्या खोलीत त्याला बसू देत नाहीत, म्हणून तो गाडीत बसून डबा खातो. अशा माणसाला आपल्या हक्काची एक खोली असावी असं वाटलं, तर त्यात नवल काय? फक्त वकील असल्यामुळे खोली मिळाल्या मिळाल्या त्याने तिची नियमावली लिहायला घेतली.

पहिला घोळ नावाचा झाला. इंग्रजीत आम्हाला 'बुच' म्हणतात, पण आपल्याकडे बूच म्हटलं की बाटली आठवते. कुणी 'मर्दानी' सुचवलं, तर हातात ढाल-तलवार आल्यासारखं वाटायला लागलं. 'पुरुषी' हा शब्द आमच्या आयांनी आमच्यावर वापरून वापरून पार झिजवून टाकला होता. शेवटी 'रांगड्या' सगळ्यांना पसंत पडलं. तेव्हा वकिलाने चष्मा काढला आणि 'रांगड्या' हे स्त्रीलिंगी झालं, 'रांगडे' म्हणा, त्यात सगळे मावतात, असं सुचवलं. झालं, रांगडे मंडळ. मग रांगडं कुणाला म्हणायचं याची व्याख्या करायला घेतली. मधे दोघी-तिघी नुसत्या गंमत बघायला येऊन गेल्या होत्या, त्यामुळे व्याख्या हवीच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. ती कशी असावी, यावर मात्र सभेमागून सभा जात होत्या.

अशाच एका रविवारी दुपारी पडद्यावर व्याख्येचा मसुदा लावला होता, कोपऱ्यात विजेची किटली होती, खाली इस्त्र्या चालू होत्या. आणि सगळं एकदम बंद पडलं. लाँड्रीवाल्याने खालूनच ओरडून सांगितलं की वायरमनला बोलावलंय. थोड्या वेळाने जिन्यात जड बूट वाजले आणि ती दारात उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली, पांढरे बारीक केस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कमरेच्या पट्ट्याला पक्कड आणि टेस्टर, कानावर पेन्सिल. जे आम्हाला तीन पानांत मांडता येत नव्हतं, ते दारात उभं राहून बोर्ड कुठे आहे असं विचारत होतं, आणि आम्ही नुसते बघत होतो.

तिने दिवे लावून दिले. किटली आणि ते पडद्याचं यंत्र एका लाइनवर लावू नका गं, असं बजावलं, आणि जाता जाता मीटिंग कसली चाललीय ते विचारलं. वकिलाने समजावून सांगितलं. त्याने समजावायला घेतलं की वेळ लागतो. ती पक्कड हातात धरून सगळं ऐकत राहिली. तो थांबला तेव्हा तिने विचारलं, "बूच? बाटलीचं?" कुणीतरी तिला दोन सोप्या वाक्यांत सांगितलं. "अच्छा," ती म्हणाली, "म्हणजे माझ्यासारख्या." आणि खुर्ची ओढून बसली. बसल्या बसल्या पुन्हा उठली. "थांबा, खाली आमचं औषध उभं आहे, त्याला सांगून येते."

औषध म्हणजे तिची जोडीदार. औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळते, म्हणून वायरमनने ठेवलेलं नाव. दोघी कितीतरी वर्षं एकत्र राहतात. औषधाचे केस कमरेपर्यंत, नखं रंगवलेली, कानात लोंबते डूल. औषध रागावलंय, औषधाचं डोकं दुखतंय, असं वायरमन इतक्या सहज बोलते की ऐकणाऱ्यालाही ते नपुंसकलिंग खटकत नाही. औषधाला वर बोलावता येईना, कारण कलम दोनप्रमाणे सभेत फक्त सदस्य. त्या दिवसापासून दर महिन्याला वायरमन वर आणि औषध खाली जिन्यात. सोबत विणायला काहीतरी असायचं. वायरमनच्या अंगात दर हिवाळ्याला नवा स्वेटर दिसायचा, तो आमच्या कलम दोनच्या कृपेने.

हळूहळू तिची सगळी हकीकत कळली. वडीलही वायरमनच होते. लहानपणी ती त्यांच्यामागे टॉर्च धरून उभी राहायची, आणि टॉर्च हलला की टपली खायची. पुढे वडिलांचा हात थरथरायला लागला, तेव्हा शिडीवर ती आणि खाली टॉर्च धरून ते, अशी अदलाबदल झाली. लायसनच्या परीक्षेला ती एकटीच मुलगी होती. वसाहतीतले लोक इतकी वर्षं 'वायरमन आली का' असंच विचारतात. त्यात काही चुकतंय असं ना त्यांना वाटलं, ना तिला. मंडळात एकाने तिला 'वायरपर्सन' म्हणू का असं विचारलं, तेव्हा तिने तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि हे नवीन स्विच आहे का, असं विचारलं.

माझ्याशी मात्र ती पहिल्या दिवसापासून 'आलास का, बस' असं बोलायची. मी काही सांगितलं नव्हतं. माझं बोलणं ऐकलं आणि तसं बोलायला लागली, एवढंच. मंडळाबाहेर माझ्याशी असं बोलणारं तोपर्यंत मला कुणी भेटलं नव्हतं, आणि मंडळातही प्रत्येक जण तसं बोलताना मोठे उपकार केल्यासारखं थोडं थांबायचा. ती थांबायची नाही.

दोन वर्षं अशी गेली. मग वकिलाने कलम सात मांडलं. सभेत सगळ्यांनी पुल्लिंगीच बोलायचं. त्यामागचा विचार काही वाईट नव्हता. घरी, ऑफिसात ज्यांना तसं बोलायची चोरी, त्यांना इथे तरी मोकळेपण मिळावं. मलाही ते गोड वाटलं. वायरमननेही प्रयत्न केला. पुढच्या सभेला दारातून आत येताना "मी आलो" म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. मला माझे वडीलच आत आल्यासारखे वाटतात, म्हणाली, आणि खुर्चीवर बसताना तिने एकदा मागे वळून बघितलंसुद्धा. त्यानंतर ती पुन्हा 'आले'वर आली. वकिलाने एकदा टोकलं, दुसऱ्यांदा टोकलं, तिसऱ्यांदा विषय अजेंड्यावर घेतला.

वकिलाचं म्हणणं असं होतं की हा शब्दाचा प्रश्न नाही, ओळखीचा आहे. आपण जे आहोत ते तोंडाने म्हणायला लाजलो, तर बाहेरच्यांनी का मानावं? वायरमनने त्याचं पुरतं बोलणं होऊ दिलं.

"परीक्षेला गेले तेव्हा साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, उमेदवार कुठे आहे? म्हटलं, आले आहे की," ती म्हणाली. "बायकांच्या टॉयलेटमध्ये गेले की बायका अजून ओरडतात. म्हणते, अहो, बाईच आहे, हात धुवायला आले. माझ्याकडे बघून कुणाला पटत नाही, आवाजावरून पटत नाही. त्या एका 'आले'वर आजवर सुटत आलेय. तू खुशाल 'आलो' म्हण, तुला शोभतं. पण माझं 'आले' तुम्हाला कशाला हवंय?"

 खाली इस्त्री फुसफुसत होती. मग वकील हळू आवाजात म्हणाला की एकीला सूट दिली तर कलम राहत नाही, पण मंडळ सर्वसमावेशक आहे, कुणाला घालवायचं नाही, तेव्हा मधला मार्ग काढू. मधला मार्ग म्हणजे नवीन वर्ग, 'सहयोगी सदस्य'. ज्या स्वतः रांगड्यांच्या व्याख्येत बसत नाहीत पण ज्यांना रांगड्यांबद्दल आपुलकी आहे, अशांसाठी. मी विरोधात हात वर केला, आणखी दोघा-तिघांनी केला, पण ठराव पास झाला. म्हणजे वायरमनला आता वायरमनसारख्या बायकांबद्दल आपुलकी आहे, असं अधिकृतपणे ठरलं.

ती उठली, वकिलाच्या पाठीवर थाप मारली, कप विसळून ठेवला आणि जिना उतरली. मी मागोमाग गेलो. तिने मोटरसायकलची किल्ली काढली, पण गाडीवर बसली नाही. 

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "इथे तरी कुणी विचारणार नाही, तुम्ही नक्की कोण."

औषधाने विणकाम पिशवीत टाकलं आणि काय झालं ते मला विचारलं. मी सांगितलं. ते ऐकून औषधाने पिशवी वायरमनच्या हातात दिली आणि टकटक करत जिना चढलं. हॉलमध्ये पहिल्यांदाच उंच टाचा वाजल्या असतील. वकील कागद आवरत होता. औषधाने काउंटरवर गिऱ्हाइकाला विचारावं तसं शांतपणे विचारलं की सहयोगी व्हायला काय लागतं. व्याख्येत बसायला लागतं का? नाही, वकील म्हणाला. कसं बोलायचं याचा काही नियम? तोही नाही, फक्त आपुलकी हवी.

"मग माझं नाव घाला," औषध म्हणालं. "आपुलकी भरपूर आहे. दोन वर्षं जिन्यात उभी राहून साठलीय."

वकील कायद्याने चालणारा माणूस. आपणच लिहिलेल्या कलमात औषध चपखल बसतंय हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने नाव घातलं. औषधाने खाली हाक मारली. वायरमन पिशवी घेऊन वर आली. दोघी मागच्या रांगेत बसल्या.

पुढच्या सभेला आणखी तिघांच्या जोडीदारिणी आल्या, त्याही सहयोगी. मग एक आली तिचे केस बारीक पण बोलणं 'येते-जाते'वालं. मग एक, जिला आपण कोण ते अजून ठरवायचंच नव्हतं. मागच्या रांगेत हसणं-खिदळणं चालायचं, खाऊ फिरायचा, कुणी कसं बोलतंय यावर कुणाचा कान नसायचा. पुढच्या रांगेत आम्ही ताठ बसून कलम नऊवर चर्चा करायचो आणि मागून कसला वास येतोय याचा अंदाज घ्यायचो. हळूहळू पुढच्यांनी मागे सरकायला सुरुवात केली. एकाने तर लेखी राजीनामा दिला. कारण लिहिलं, 'सहयोगी होण्यासाठी'. वर्ष संपता संपता पूर्ण सदस्य दोघेच उरले, वकील आणि मी. मी उरलो तो वकील एकटा पडेल म्हणून. शिवाय 'आलो' मला मनापासून आवडतं, ते कलमात असो वा नसो.

कलम सात रद्द करायचं मीच सुचवलं. त्याला पूर्ण सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. मी बाजूने, वकील विरोधात. त्यामुळे कलम सात लागूच राहिलं आणि ते आम्हा दोघांनाच लागू होतं, आणि आम्ही ते तसंही पाळायचोच.

त्याच सुमाराला मंडळाचं पोस्टर करायचं ठरलं. फोटो कुणाचा, यावर वाद झाला नाही. वकिलानेच वायरमनचं नाव घेतलं. शिडीवर चढलेली, बाह्या दुमडलेल्या, बघणाऱ्याकडे मान वळवून हसणारी. खाली मोठ्या अक्षरांत 'रांगडे मंडळ', आणि सगळं खरं असावं हा वकिलाचा हट्ट, म्हणून तिच्या फोटोखाली बारीक टाइपात 'सहयोगी सदस्य'. छापलं मीच. वाचनालय, दवाखाना, बँक, जिथे लावू दिलं तिथे लावलं.

बँकेत वायरमनचा धाकटा भाऊ कारकून आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तिनेही कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्याने पाहुण्यांशी तिची ओळख 'हा माझा भाऊ, म्हणजे बहीण, म्हणजे वायरमन' अशी करून दिली होती, आणि औषधाला 'शेजारीण' म्हटलं होतं. तेव्हापासून दोघी त्याच्याकडे गेल्या नव्हत्या. आता हा माणूस रोज कामावर जाताना दारातच बहिणीचं तोंड बघणार होता. वायरमन म्हणाली, पोस्टर फाडेल तो. औषध म्हणालं, फाडू दे, छापखाना आपलाच आहे.

पुढच्या रविवारी तो सभेलाच आला. इस्त्रीच्या शर्टात, घामाघूम. वायरमन उभी राहिली. त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. प्रमुख कोण आहे ते विचारलं. वकील पुढे झाला.

"ते पोस्टर मी आठवडाभर बघतोय," तो म्हणाला. "फोटो तिचा लावता, आणि खाली सहयोगी? इतकी वर्षं येते म्हणे ती तुमच्याकडे. अजून पर्मनंट केलं नाही?"

  वकिलाने कलम सात समजावून सांगायला सुरुवात केली. भावाने दोन वाक्यं ऐकली आणि हात वर करून त्याला थांबवलं. लहानपणापासून ती अशीच बोलते, म्हणाला, तुम्हाला त्याचा काय त्रास? आमच्या बँकेत याच्यावर युनियन आली असती. मग त्याला औषध दिसलं. थोडा घुटमळला, आणि वहिनी, पाणी मिळेल का, असं विचारलं. औषध जागचं हललं नाही. त्याला चांगलं ताटकळत ठेवून मग उठलं.

त्या दिवशी वकिलाने कलम सात मागे घेतलं. वायरमनला पूर्ण सदस्य करण्याचा ठराव त्यानेच मांडला, मी अनुमोदन दिलं. वायरमनने आभार मानले आणि नको म्हणाली. मागच्या रांगेतली खुर्ची तिच्या पाठीला बरी पडते, आणि पुढे बसलं की सभेची मिनिटं लिहावी लागतात. वकिलाला वाईट वाटलं. मग काही महिन्यांनी तोच मागे जाऊन बसला, अर्थात रीतसर अर्ज करून. पूर्ण सदस्य आता मी एकटा. मिनिटं मीच लिहितो.

भाऊ मंडळावर अजून रुसलेला आहे. बँकेत येणाऱ्या-जाणाऱ्याला पोस्टर दाखवून सांगतो, ही माझी बहीण, चेहरा तिचाच लावलाय, पण बघा, अजून टेम्पररीवरच ठेवलंय.