दरवाजात कापूर लावू नका

गाविलगडाच्या त्या दरवाजातून सकाळी आत जाताना आम्ही वर पाहिले नाही. समोरच पाहण्यासारखे पुष्कळ होते. दगडात कोरलेला दोन मुंडक्यांचा पक्षी, आणि त्याने उंदीर धरावेत तसे धरलेले हत्ती. पत्नीने उंबरठ्यावर बसून संत्रे सोलले, साली पिशवीत भरल्या आणि पायाजवळ बोट दाखवून म्हणाली, "अहो, इथं माश्या मरून पडल्यात. केवढाल्या आहेत!" मी वाकून पाहिले. काळपट, लांबट माश्या फरशीवर विखुरल्या होत्या. त्या मेलेल्या आहेत, एवढ्यावर माझे समाधान झाले.

चालण्याचा नाद आम्हाला उशिरा लागला. अकोल्याच्या एका महाविद्यालयात गणित शिकवून मी निवृत्त झालो आणि त्यानंतर, पाय कुरकुरू लागण्याच्या वयात, आम्ही पाठीवर पिशव्या घेऊन निघू लागलो. आधी पातूरची लेणी, मग नरनाळा, मग चिखलदऱ्यात मुक्काम करून गाविलगड. या प्रवासांत बोलण्याचे काम तिचे असते. ती दर्यापूरची, तिचा आवाज शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर पोचतो. कंडक्टर, लॉजवाला, चहावाला, सर्वांशी तीच बोलते. मी हातात खडू असला तरच चार माणसांत बोलू शकत असे. अनोळखी माणसाला रस्ता विचारायचा झाला तर मी वाक्य मनात जुळवत राहतो आणि तोवर तो माणूस निघून जातो.

दोन वर्षांपूर्वी, माहेरच्या शेतात लिंबाच्या झाडाखाली, तिला मधमाशी चावली. एकच. ओठ सुजले, मग गळा, आणि भावाला काहीतरी सांगता सांगता तिचा आवाज बंद झाला. तिचा आवाज बंद झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. दर्यापूरच्या डॉक्टरांनी तिला वाचवले आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या वेळी वाट पाहू नका. आधी टोचा, मग दवाखाना गाठा." त्यांनी एक लहानशी डबी दिली; तीत औषधाची कुपी आणि सुई. टोचायचे कसे, हे मी संत्र्यावर शिकलो. तेव्हापासून ती डबी माझ्या खिशात असते. ती दवाखान्यापर्यंत पोचण्यापुरता वेळ देते, त्याहून अधिक काही नाही. आणि गाविलगडावरून दवाखाना किती दूर आहे, याचा हिशेब मी मुद्दामच केला नव्हता. मधमाश्या शेतात असतात, फुलोऱ्यावर असतात. गड म्हणजे दगड, अशी आमची समजूत होती.

त्या दिवशी आम्ही भलत्याच गोष्टींना भीत राहिलो. वाघाची भीती घरूनच आणली होती. गवत खांद्याएवढे वाढून वाळले होते आणि वारा नसतानाही त्यात कुठेतरी सळसळ होई. तळ्याच्या काठी अस्वलाने उकरलेली ताजी माती दिसली. छप्पर नसलेल्या मशिदीच्या कमानीतून दरी पाहताना पत्नी म्हणाली, "इथं एवढी माणसं राहत होती, अन् आता साधा कावळासुद्धा नाही." त्यानंतर ती बोलायची थांबली, आणि मलाच चुकल्याचुकल्यासारखे वाटू लागले.

दुपार कलल्यावर परत फिरलो. दरवाजा दिसण्याआधी तो ऐकू आला. विजेच्या मोठ्या खांबाखाली उभे राहिले की येतो तसा, अखंड, खालच्या पट्टीतला आवाज. गडावर वीज नाही. कमानीच्या आत, झरोक्याच्या खाली, काळ्या घोंगड्या वाळत घातल्यासारखी आग्या मोहोळे लोंबत होती. बघता बघता त्यांतल्या एकीवरून एक लाट गेली, जनावराची कातडी थरथरते तशी, थांबली, पुन्हा गेली. सकाळी आम्ही त्यांच्याच खाली बसून संत्रे खाल्ले होते. पत्नीचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

गडाला दुसरे दरवाजे आहेत, पण ते खाली जंगलात उतरतात. माश्या निवतील म्हणून अंधाराची वाट पाहावी, तर अंधारात या गवतात थांबायचे कुठे? शेवटी ठरले ते असे: मी पुढे जायचे, काही हालचाल झाली नाही तर तिने डोक्यावरून शाल घेऊन हळूहळू मागून यायचे. मी निघणार तोच बाहेरच्या बाजूने बोलणे ऐकू आले. धोतरातले एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांची सून दरवाजाशी पोचली होती. कोनाड्यातल्या शेंदूर फासलेल्या दगडापुढे म्हाताऱ्यांनी पिशवीतून नारळ काढला, कापराची पुडी काढली. सून अगरबत्तीचा पुडा फोडू लागली.

पत्नीने एका हाकेत त्यांना थांबवले असते. पण त्या मोहोळांखाली हाक मारायची कशी? तिने एक हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने मला पुढे ढकलले.

मी कमानीखालून पलीकडे गेलो. वर पाहिले नाही. आता पाहण्याचा धीर नव्हता.

"नमस्कार," मी हलक्या आवाजात म्हणालो. "आपण इथे कापूर लावणार आहात का?"

म्हाताऱ्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "मंग काय खायले आणला?"

सून खुदकन हसली.

"कृपया इथे धूर करू नये, अशी माझी विनंती आहे."

"कोन होय तुमी? सरकारी साहेब?"

"नाही. मी अकोल्याचा."

"अकोल्याचे अन् असं पुस्तकावानी बोलून राहिले?" सून म्हणाली. "मले वाटलं, पुन्याकडचे." बोलता बोलता तिने काडी ओढली आणि अगरबत्त्यांचा जुडगा पेटवला.

मी वर बोट दाखवले. म्हाताऱ्यांनी मान वर केली आणि घरचेच कोणी दिसावे तसे पाहिले. "हाये नं मोहोळ. दरसाल असते. आमी त्याईच्या वाटेले जात नाही, ते आमच्या वाटेले येत नाही. देवाच्या दारातलं जनावर हाये ते."

धुराची रेघ सरळ वर चढली आणि कमानीजवळ पोचल्यावर आत वळली. वरचा आवाज बदलला. मोठा झाला नाही, बारीक झाला. माझी जुळवलेली सर्व वाक्ये त्या क्षणी नाहीशी झाली.

"माझी बायको आत आहे," मी म्हणालो. "एक माशी चावली तरी मरेल ती."

हे वाक्य मी तोवर मनातसुद्धा पूर्ण केले नव्हते.

सुनेने कमानीतून आत डोकावून पाहिले. आत, भिंतीला पाठ लावून, शाल डोक्यावर घेतलेली, तोंडावर हात दाबलेली एक बाई उभी होती. सुनेचे हसू मावळले. तिने जळता जुडगा पाण्याच्या बाटलीत कोंबला, चर्र झाले. "बाबा, माचीस ठेवा खिशात."

"अवं, तुह्याच लेकराचा नवस हाये माय हा!"

"लेकरू बरं हाये नं आता? देव काही पळून नाही चालला."

म्हातारे पुटपुटले, पण माचीस खिशात गेली. मग त्यांनी हात जोडले. कोनाड्याकडे की वरच्या मोहोळांकडे, हे मला कळले नाही.

पत्नी निघाली. तिला इतके हळू चालताना मी कधी पाहिलेले नाही. प्रत्येक पाऊल ती आधी टेकवून पाही आणि मग त्यावर भार देई. ती कमानीच्या मधोमध आली तेव्हा लाटा एकामागून एक जाऊ लागल्या, एका घोंगडीवरून दुसरीवर, आणि काही माश्या सुटून खाली आल्या. एक माझ्या कानाशी गुणगुणून गेली. माझा हात खिशातल्या डबीवर होता. सून पुढे झाली आणि पत्नीचा हात धरून तिला बाहेर, उन्हात घेऊन आली. कोणी आभार मानले नाहीत. पत्नीने तिच्या गालाला फक्त हात लावला.

निघताना मी म्हणालो, "बाबा, आम्ही गेल्यावरही लावू नका."

"जा तुमी," म्हातारे म्हणाले. "बाईले घेऊन जा आधी."

वळणापर्यंत मी मागे पाहत राहिलो. तोपर्यंत तरी धूर दिसला नाही.

लॉजवर पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. पत्नी तोंड धुवायला गेली. मी तिची शाल घडी करायला घेतली आणि अर्ध्यावर थांबलो. आतल्या पदरात, तिची मान येते त्या जागी, एक माशी होती. काळपट, लांबट. जिवंत. लोकरीत पाय अडकल्यामुळे ती सावकाश चालत होती. तेवढा रस्ता ती आमच्याबरोबर आली होती.

मी शाल दोन्ही हातांवर पसरून धरली आणि श्वास रोखून व्हरांड्याबाहेर नेऊन कुंपणावर ठेवली. समोर गडाची कड काळी पडत चालली होती. म्हाताऱ्यांनी कापूर लावला की नाही, हे मला आजही माहीत नाही.

"शाल बाहेर कावून ठेवली?" दारातून पत्नीने विचारले. एरवी मी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली असती. मी सांगितले. काय होते, कुठे होते, सगळे.

तिने मानेवरून हात फिरवला, आत गेली आणि खिडक्या लावू लागली.